जाणत्यांची शिकवणी

प्राध्यापक : तुमच्या ग्रंथालयाचं परिपत्रक मिळालं. ‘माहिती साक्षरता कार्यशाळा. सर्व प्राध्यापक व संशोधकांसाठी. उपस्थिती अनिवार्य.’ मला ‘अनिवार्य’चा राग आला नाही मॅडम, त्याची सवय आहे. राग आला तो ‘साक्षरते’चा. माझ्या लहानपणी गावात चावडीवर प्रौढ साक्षरतेचे वर्ग भरायचे, कंदिलाच्या उजेडात. तिथे येणाऱ्याला स्वतःचं नाव लिहिता येत नसे. मी बत्तीस वर्षं दप्तरं चाळतोय, मोडी वाचतोय, अकरा जणांचे प्रबंध माझ्या हाताखालून गेले. शं. ग. दात्यांची ग्रंथसूची, 1800 ते 1937ची, माझ्या टेबलावरून कधी हलत नाही. आणि तुम्ही मला पाटी-पेन्सिल घेऊन बोलावता? बरं, हा शब्द आणला कोणी, तेही मी पाहिलं. 1974 साली अमेरिकेत पॉल झुरकोव्स्की नावाच्या गृहस्थांनी. ते ग्रंथपाल नव्हते, माहितीचा धंदा करणाऱ्या कंपन्यांच्या संघटनेचे अध्यक्ष होते. म्हणजे दुकानदाराने ठरवलं की गिऱ्हाईक अडाणी आहे.

ग्रंथपाल : शब्द मलाही आवडत नाही, सर. परिपत्रकाचा मसुदाही माझा नाही, पण सही माझी आहे, तेव्हा बोलणी मीच खाते. झुरकोव्स्कींचं तुम्ही शोधून काढलंत, हे मात्र छान झालं. रागावल्यावर माणूस मूळ संदर्भ तपासतो. शांत असताना तपासतो का, एवढाच माझा प्रश्न आहे. तुम्ही ज्या काळात घडलात, तेव्हा तुमच्यापर्यंत पोचणारा मजकूर चार चाळण्यांतून आलेला असे. संपादक, प्रकाशक, परीक्षक आणि शेवटी आमची ग्रंथखरेदी समिती. भरवशाचं काय हे ओळखण्याचं निम्मं काम दुसऱ्याच कोणीतरी केलेलं असायचं आणि त्याचा पगारही दुसरंच कोणी देत असे. ते कौशल्य आपलंच, असं आपल्याला वाटत राहिलं. आता चाळण्या गेल्या, वाटणं राहिलं.

एक उदाहरण सांगते. एका मोठ्या प्रकाशनसंस्थेने लेखकांसाठी नमुना तयार केला होता, संदर्भ कसा लिहावा हे दाखवणारा. त्यात व्हान डेर गीर आणि इतर, 2000, ‘शास्त्रीय लेख लिहिण्याची कला’ अशा अर्थाचा एक काल्पनिक लेख दिला होता. असा लेख नाही, असं नियतकालिकही नाही. लायडनच्या पीटर क्रूनेनबर्ग यांना तो खटकला. शोध घेतला तेव्हा जवळपास 400 ठिकाणी त्या लेखाचा हवाला दिलेला निघाला. बहुतेक ठिकाणी कारण साधं असावं, नमुन्यातली ओळ पुसायची राहून गेली. पण त्या प्रत्येक लेखाला लेखक होते, परीक्षक होते, संपादक होते. सगळे साक्षर.

प्राध्यापक : हा गबाळेपणा झाला. त्याला साक्षरतेचा अभाव म्हणणं म्हणजे चपला उलट्या घालणाऱ्याला चालता येत नाही म्हणण्यासारखं आहे.

ग्रंथपाल : मग पालकाचं घ्या. पालकात लोह फार असतं हा समज एकोणिसाव्या शतकात दशांश चिन्ह चुकल्यामुळे पसरला, ही गोष्ट तुम्ही ऐकली असेल. हॅम्ब्लिन नावाच्या डॉक्टरांनी ती 1981मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये सांगितली. हवाला दिला नव्हता. पुढे तीस वर्षं लोक ती सांगत राहिले, आणि गंमत म्हणजे बरेच जण ती सांगत होते ते ‘बघा, मूळ संदर्भ न तपासल्याने काय होतं’ हे पटवायला. 2010 साली माइक सटन यांनी माग काढला, तर दशांश चिन्ह चुकल्याचा पुरावाच सापडेना. म्हणजे निष्काळजीपणाविरुद्ध सावध करणारेच निष्काळजी. ही माणसं गबाळी नव्हती, सर. अनुभवी होती. गोष्ट इतकी ओळखीची झाली होती की तपासावी असं कोणाला वाटलंच नाही. नवखा विद्यार्थी अनोळखी गोष्टीपाशी अडखळतो. जाणता माणूस ओळखीच्या गोष्टीवरून सरळ पुढे जातो.

प्राध्यापक : शास्त्रवाल्यांचं मला सांगू नका. त्यांना पुराव्याची चिकित्सा वेगळी शिकावी लागते, आमचा अख्खा विषयच तो आहे. शिवाजी महाराजांच्या जन्मतारखेचा वाद घ्या. बखरींत 1627 होतं. टिळकांनी 1916मध्ये जेधे शकावली उजेडात आणली, तीत फाल्गुन वद्य तृतीया, शके 1551 निघालं. म्हणजे 19 फेब्रुवारी 1630. मग बखर कधी लिहिली, शकावली कोणाच्या घरची, कारकून घटनेच्या किती जवळ होता, इतर कागदांशी मेळ बसतो का, यावर दोन-तीन पिढ्या भांडल्या. राज्य सरकारने ती तारीख स्वीकारली 2001मध्ये. आम्ही एका तारखेसाठी ऐंशी वर्षं घालवणारे लोक. आम्हाला तुम्ही ‘माहितीचं मूल्यमापन कसं करावं’ याच्या स्लाइड दाखवणार?

ग्रंथपाल : नाही दाखवणार. उलट हीच चिकित्सा तुम्ही दुसरीकडे का वापरत नाही, हे विचारणार. अठराव्या शतकातला कागद हातात आला की तुम्ही तो उजेडात धरता, शाई बघता, शिक्का बघता, लिहिणाऱ्याचा स्वार्थ काय असेल ते विचारता. आणि रात्री अकरा वाजता गूगलवर सापडलेली 2019ची पीडीएफ? शीर्षक जुळतं, निष्कर्ष आपल्या बाजूचा आहे, टाकली तळटिपेत. तिचा कारकून कोण, हे कोणी विचारलं? तुमच्या विभागातल्या तीन प्रबंधांचे संदर्भ मी तपासले. मूळ कागदपत्रांचे हवाले चोख, नावं ठेवायला जागा नाही. दुय्यम साधनांचे हवाले मात्र अर्धेमुर्धे तिसऱ्याच्याच पुस्तकातून उचललेले. तेही कसं कळलं, तर मुद्रणदोष सारखेच होते म्हणून. तुमच्याकडे हत्यार आहे, सर. तुम्ही ते फक्त मेलेल्या माणसांवर चालवता.

प्राध्यापक : हे वाक्य तुम्ही तयार करून आणलं होतं.

ग्रंथपाल : थोडंसं. कार्यशाळेसाठी.

प्राध्यापक : बरं, मान्य. पण चिकित्सा आली की तुमचं काम संपलं. राहिलं शोधणं. आमची शोधण्याची रीत वेगळी आहे आणि ती उत्तम चालते. एका चांगल्या पुस्तकाच्या तळटिपेवरून दुसऱ्याकडे जायचं, तिथून तिसऱ्याकडे. कुठे अडलंच तर फोन करायचा. कोल्हापूरला एक जण आहे, तंजावरच्या मराठी कागदांचा जाणकार एक आहे. अर्ध्या तासात कळतं, कागद कुठे आहे आणि तो मिळवायला कोणाच्या पाया पडावं लागेल. तुमचा शोधयंत्राचा डबा हे सांगेल?

ग्रंथपाल : नाही सांगणार. आणि मी असते तर मीही आधी फोनच केला असता. पण तळटीप फक्त मागे नेते. 1985चं पुस्तक तुम्हाला 1960च्या लेखाकडे नेईल, पण 2015मध्ये त्याच पुस्तकाचं कोणी खंडन केलं असेल तर ते त्या पुस्तकाला ठाऊक नाही. पुढच्या दिशेने जाण्यासाठी, म्हणजे ‘याचा हवाला नंतर कोणी दिला’ हे पाहण्यासाठी, यूजीन गारफील्डनी 1955मध्ये कल्पना मांडली आणि आज ती एका क्लिकवर आहे. तुमच्यातले किती जण वापरतात? दुसरं म्हणजे तुमचा फोन तुमच्याच घराण्यात जातो. कोल्हापूरचा तो जाणकार तुमच्याच गुरूंचा विद्यार्थी आहे. ज्यांच्याशी तुमचं पटत नाही त्यांनी काय लिहिलं, हे तुम्हाला फोनवर कसं कळणार?

आणि डब्याचं म्हणाल तर मराठीचा डबा फारच विचित्र आहे, तिथे मी खरोखर उपयोगी पडते. 1962च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले. त्याआधीच्या छापील मजकुरात ‘नाहीं’, ‘कां’, ‘मुंबईंत’ आहे. तुम्ही आजच्या वळणाने शब्द टाकता, यंत्र म्हणतं काही नाही, आणि तुम्ही मित्रांना सांगता की त्या काळात यावर कोणी लिहिलंच नाही. ‘कऱ्हाड’ टाकून बघा. कोणी ‘कराड’ लिहिलंय. ‘कऱ्हाड’मधला तो अर्धा र संगणकात दोन तऱ्हांनी टंकता येतो, डोळ्यांना एकच दिसतो, यंत्राला दोन वेगळे शब्द वाटतात. ‘शोधगंगा’ या प्रबंधसंग्रहातले कितीतरी मराठी प्रबंध तर युनिकोडआधीच्या फॉन्टमध्ये आहेत किंवा नुसती छायाचित्रं आहेत. त्यांच्या पोटात शोध जातच नाही. मी अशाही नोंदी पाहिल्यात, जिथे मुखपृष्ठावरचं ‘शके 1805’ तालिकेत सन 1805 म्हणून पडलंय. पुस्तक 1883चं. रोमन लिपीत ‘डी. कोसंबी’ म्हणजे धर्मानंद की दामोदर, बाप की लेक, हे संदर्भसूचीत ठरवताना किती जण चुकलेत ते बघा. ‘सापडलं नाही’ आणि ‘नाही’ यांत फरक आहे, हे इतिहासकाराला मी सांगायचं म्हणजे लाजच वाटते. पण यंत्रासमोर बसल्यावर तो फरक तुम्ही सगळेच विसरता.

प्राध्यापक : हे तऱ्हेवाईक र मला ठाऊक नव्हतं. इमानदारीत सांगतो. पण यातून तुमच्या विरुद्धच मुद्दा निघतो. इतक्या खाचाखोचा असतील तर त्या तुम्हीच सांभाळा. रंगनाथनांचा चौथा नियम काय, वाचकाचा वेळ वाचवा. वाचकाला ग्रंथपाल बनवा, असा त्यांचा नियम नाही. मी विषय सांगतो, तुम्ही यादी करून द्या. दाढ दुखली तर दंतवैद्य मला दात काढायला शिकवत नाही.

ग्रंथपाल : वैद्यकशास्त्रात असं होतं. कॉक्रेनच्या पद्धतीने एखाद्या उपचारावरचे सगळे पुरावे गोळा करायचे असतील तर शोधाची आखणी माहितीतज्ज्ञाबरोबर करा, असं तेच सांगतात. तिथे ग्रंथपालाचं नाव सहलेखक म्हणूनही लागतं. पण तिथे प्रश्न आधी पक्का ठरलेला असतो. तुमचा तसा नसतो. तुम्ही पागेच्या हिशेबाचे कागद शोधायला जाता, एका नोंदीत विधवेच्या वतनाचा तंटा दिसतो आणि प्रश्नच बदलतो. तो तंटा मला दिसला असता तर मी ‘असंबद्ध’ म्हणून बाजूला टाकला असता. तुमचं शोधणं आणि विचार करणं वेगळं काढता येत नाही. म्हणून मी तुमच्या वतीने शोधू शकत नाही.

प्राध्यापक : मग शिकवूही शकत नाही! माझ्या शोधण्यातून विचार वेगळा निघत नसेल तर त्याची स्लाइड कशी निघते? तुम्हाला मोडी येत नाही. पेशवे दप्तराची रचना कशी आहे, हे तुम्ही पुस्तकात वाचलंय. विषय माहीत नसताना पद्धत शिकवता येते, ही तुमच्या व्यवसायाची श्रद्धा आहे. पुरावा नाही.

ग्रंथपाल : अर्धं मान्य. पुढे उभं राहून नाही शिकवता येत. शेजारी बसून थोडं येतं. पण त्याकडे येते.

प्राध्यापक : त्याआधी यादीचं प्रकरण काढतो, कारण तिथे माझा राग खरा आहे. कोणत्या नियतकालिकावर विश्वास ठेवायचा हे आम्हाला पंधरा-वीस वर्षांपूर्वी कळत होतं. मग विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्यताप्राप्त यादी आली. तीत कसली कसली नियतकालिकं होती, हे पुण्याच्याच अभ्यासकांनी 2018मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये दाखवलं. विद्यापीठांनी सुचवलेल्या भागातली त्यांनी तपासलेली 88 टक्क्यांहून अधिक निकृष्ट निघाली. त्याच वर्षी मे महिन्यात आयोगाने 4305 नावं काढून टाकली. पुढे ‘केअर’ यादी आली, तिचं कामही पुण्यातूनच चाललं. फेब्रुवारी 2025मध्ये तीही बंद. आता म्हणतात, तुम्हीच ठरवा. आठ वर्षं आम्हाला यादीकडे बघायला लावलं, स्वतःकडे बघायची सवय मोडली, आणि आता साक्षरता वर्ग. आणि प्रत्येक वेळी यादी हातात घेऊन दारात उभे कोण होते? तुम्ही लोक.

ग्रंथपाल : हो. आम्ही होतो. आणि आमच्यातल्याच एकाने जगाला ही सवय लावली, असंही म्हणता येईल. जेफ्री बील, कोलोरॅडोचे ग्रंथपाल. ‘भक्षक’ नियतकालिकं हा शब्द त्यांचा, 2010चा. एकट्याने यादी चालवली, जगभर वापरली गेली, टीकाही खूप झाली, जानेवारी 2017मध्ये त्यांनी ती एका दिवसात मिटवली. दुसऱ्या दिवशी लोक ‘आता कोणाला विचारायचं’ म्हणत बसले. यादी सोयीची असते. ती डोळ्यांचं काम करते आणि मग डोळे मिटतात. पण सर, ‘आम्हाला कळत होतं’ हे मला पुरतं पटत नाही. एखादं जुनं, छापील मराठी त्रैमासिक असतं. त्याला संकेतस्थळ नसतं, संपादक सत्तरीचे, वर्गणीदार दोनशे. कोणीतरी त्याच नावाने, त्याच आयएसएसएन क्रमांकाने संकेतस्थळ उघडतं, संपादक मंडळात मोठी नावं घालतं आणि हजार-दोन हजार रुपयांत आठवड्यात लेख छापतं. यात फसले कोण? त्या त्रैमासिकाला वीस वर्षं ओळखणारेच. नवख्याला ते नाव ऐकून विश्वास वाटला नसता, कारण त्याने नावच ऐकलं नव्हतं.

प्राध्यापक : फसले? तुम्ही फार भाबड्या आहात. बहुतेक जण फसले नाहीत. त्यांना माहीत होतं. पदोन्नतीला गुण लागतात, मुदत 31 तारखेची असते, आणि खरं त्रैमासिक दीड वर्षाने ‘विचाराधीन’ असं पोस्टकार्ड पाठवतं. अनुभवी संशोधक अडाणी नसतो, हिशेबी असतो. आयोगाने 2019पासून पीएच.डी.च्या मुलांना ‘संशोधन व प्रकाशन नीतिमत्ता’ हा दोन श्रेयांकांचा अभ्यासक्रम सक्तीचा केला. तीस तास! तो शिकवणाऱ्यांपैकीच काही जणांचे लेख कुठे छापून येतात, ते मुलांना दिसत नाही का?

ग्रंथपाल : दिसतं. त्यावर माझ्याकडे औषध नाही.

(हे लिहिणाऱ्याला वाटतं की ग्रंथपाल इथे फार लवकर माघार घेतात. जाणूनबुजून पैसे भरणारा आणि न कळून हवाला देणारा ही दोन माणसं असतातच असं नाही. पुष्कळदा तो एकच माणूस असतो, आणि पहिल्याला जे कळतं ते तो दुसऱ्याला सांगत नाही.)

ग्रंथपाल : पण आणखी एक अडचण तुम्ही बोलला नाहीत, ती मीच बोलते. आमच्याकडे संशोधक येतात कशासाठी? टक्के कमी करायला. वाङ्मयचौर्याविरुद्धच्या 2018च्या नियमांनी 10 टक्क्यांपर्यंतचं साम्य माफ ठरलं, तेव्हापासून आमची खिडकी म्हणजे वजनकाटा झाली. बारा टक्के आले की चेहरा पडतो, नऊ आले की पेढे. मराठी प्रबंधात तर साम्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरला जुळवून बघायला फारसं काही मिळतच नाही, तीन टक्के येतात आणि सगळे खूश. नक्कल झाली की नाही हे कोणाला कळलेलं नसतं, प्रमाणपत्र मात्र निघतं. आता मला सांगा, जिच्याकडे माणूस तपासणीसाठी येतो, तिच्यासमोर तो ‘मला हे येत नाही’ कसं म्हणेल? साहेबांना स्कोपस या संदर्भसंग्रहात नीट शोधता येत नाही, हे माझ्या सगळ्या मदतनिसांना माहीत असतं. साहेब शिपायामार्फत चिठ्ठी पाठवतात. वीस वर्षांच्या मुलाला शिकवताना त्याच्या अज्ञानाची कोणाला लाज नसते. पन्नाशीच्या माणसाला शिकवताना निम्मा वेळ त्याची अब्रू सांभाळण्यात जातो.

प्राध्यापक : हे मात्र खरं बोललात. मग करायचं काय? कार्यशाळा रद्द?

ग्रंथपाल : कार्यशाळा होईल, सह्या होतील, चहा-बिस्किटं होतील. शिकणं तिथे होणार नाही. जे थोडंफार होतं ते असं. कोणाचा तरी लेख छापायला निघालेला असतो, मी म्हणते संदर्भसूची तेवढी मला द्या. ती झोटेरो या संदर्भ सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये टाकली की मागे घेतलेला लेख असेल तर तांबडी पट्टी येते. जून 2020मध्ये ‘लॅन्सेट’ने हायड्रॉक्सिक्लोरोक्विनवरचा लेख छापल्यापासून तेरा दिवसांत मागे घेतला, तरी नंतर त्याचे हवाले येतच राहिले. एका रसायनशास्त्राच्या सरांच्या सूचीत अशा दोन पट्ट्या निघाल्या. त्यांना मी काही शिकवलं नाही. त्यांनीच विचारलं, हे मला आधी कसं कळलं असतं? तो प्रश्न विचारला गेला की माझी दहा मिनिटं पुरतात. दुसरा मार्ग तुमच्या विद्यार्थ्यांचा. मी त्यांना शोधाची वही ठेवायला लावते : कुठे शोधलं, कोणते शब्द टाकले, काय नाही सापडलं. ती वही मार्गदर्शकाच्या सहीला जाते. सही करताना सर वाचतात. कधी कधी दोन दिवसांनी स्वतः येतात आणि ‘एका मित्रासाठी विचारतोय’ म्हणतात.

प्राध्यापक : आणि असे किती येतात?

ग्रंथपाल : वर्षाला पाच-सहा. संशोधक चारशे आहेत, माझ्याकडची तीन पदं रिकामी आहेत. तुम्ही विचारणारच होता, म्हणून सांगितलं. 2025पासून ‘एक देश एक वर्गणी’ ही सरकारी योजना आली, तेरा हजारांच्या आसपास नियतकालिकं दारात आली, तीन वर्षांना सहा हजार कोटी. त्यातले किती रुपये ती वाचायला शिकवणाऱ्या माणसांसाठी आहेत, हे मला कोणी दाखवलं तर मी त्यालाच पेढे देईन.

प्राध्यापक : मग पाच-सहा जणांसाठी एवढा खटाटोप कशाला? तुमच्या पद्धतीने चाललो तर माझी उरलेली पोरं निवृत्त होतील. आणि त्या पाच-सहांना तरी तुम्ही शिकवलं, की चुकीने शिकवलं? लाल पट्टी नसती आली तर ते आलेच नसते.

ग्रंथपाल : नसते आले. त्यामुळे माझी सगळी विद्या दुसऱ्याच्या चुकीची वाट बघत बसते, हे मला रात्री आठवतं. आधीच शिकवावं तर अपमान, नंतर शिकवावं तर उशीर.

प्राध्यापक : एक सांगतो, बाहेर बोलू नका. गेल्या महिन्यात एका मुलीने आराखडा आणला. सूचीत माझ्या नावावर एक लेख होता, ‘उत्तर पेशवाईतील जकात चौक्या आणि घाटवाटा’, 2011. नियतकालिक खरं, खंड खरा, पानं 44 ते 61. मी तो लेख लिहिलेला नाही, मॅडम. चॅटबॉटने बनवला होता. पण मला राग नंतर आला. आधी पाच मिनिटं मी कपाटात तो अंक शोधत होतो. ऐंशीएक लेख झाले आहेत, वाटलं, लिहिला असेन. घाटवाटांवर माझ्याकडे टिपणंही होती त्या वेळी. मुलीला काही बोलायला तोंडच उरलं नाही.

ग्रंथपाल : तिने तपासलं नाही, कारण खाली तुमचं नाव होतं.

प्राध्यापक : आणि मी कपाट उघडलं, कारण खाली माझं नाव होतं. यासाठी तुमच्याकडे कोणती स्लाइड आहे?

ग्रंथपाल : नाही. ही गोष्ट तुम्ही कार्यशाळेत सांगाल का?

प्राध्यापक : मुळीच नाही. पण शीर्षक चांगलं आहे हो. टिपणं काढून बसलोय. लिहिला तर त्या पोरीचा हवाला खरा होईल.

ग्रंथपाल : वर्ष चुकेल, सर.